थाळी पुढे देणारी

चर्चमध्ये माझी जागा ठरलेली होती. आजीच्या डाव्या हाताला, पंख्याच्या थोडी अलीकडे, कारण बरोबर पंख्याखाली बसलं की आजीला शिंका सुरू व्हायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. पाळक प्रार्थना करत, आणि मग भाकरीच्या तुकड्यांची स्टीलची थाळी बाकाबाकावरून फिरे. भाकर म्हणायचं, पण असायची पाळकांच्या बायकोने सकाळी लाटलेली पोळी. आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता होतो, चारचौघांत आपल्या तोंडाने सांगतो की माझा विश्वास आहे, मग त्याला पाण्यात पुरता बुडवून वर काढतात, आणि त्यानंतरच त्याला थाळीतला तुकडा घेता येतो. तोवर थाळी आली की पुढे द्यायची. आम्ही पोरं त्या पुढे देण्यातच मोठेपणा मानायचो.

मी तिसरी-चौथीत असेन. एका रविवारी मी थाळी आजीकडे दिली आणि सहज बघत राहिले. आजीने ती डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने एक तुकडा उचलला, पलीकडे बसलेल्या मावशींच्या तळहातावर ठेवला, त्यांची बोटं मिटवली आणि थाळी पुढे दिली. या मावशी म्हणजे आजीची जुनी मैत्रीण. त्यांना कंपवात होता, हात सारखे थरथरायचे, म्हणून त्यांचा तुकडा आजीच द्यायची. यात नवल काही नव्हतं. नवल हे की तिने स्वतःसाठी घेतलाच नाही. सगळ्यांनी एकदम तुकडा तोंडात घातला, आणि आजीने डोळे मिटून नुसता आवंढा गिळला.

मागून बघणाऱ्याला वाटावं, हिनेही घेतला. समोरून पाळकांनाही तसंच दिसत असणार. खरं काय ते फक्त डावीकडून दिसायचं, आणि डावीकडे मी होते. माझ्यासारखी भोचक पोरगी तिथे बसवली ही आमच्या घरच्यांची चूक.

पुढच्या महिन्यात मी खात्री करून घेतली, त्याच्या पुढच्याही. मग चौकशीला लागले. आई म्हणाली, "तिला शुगर आहे." पण पोळीच्या नखाएवढ्या तुकड्यात साखर कुठली? बाबा म्हणाले, "उपासनेत लक्ष ठेव, शेजारच्याच्या तोंडात नको." आजीला विचारलं तर ती हसली. "मोठी झालीस की सांगीन."

पहिला निष्कर्ष मी असा काढला की आजी अजून लहान आहे. तो टिकला नाही. दुसरा असा की तिच्या हातून एखादं मोठं पाप झालंय. एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी मी ते पाप शोधण्यात घालवली. सापडलं एवढंच, की शुगर असूनही ती तांदळाच्या डब्यामागे गुळाचा खडा दडवून ठेवते.

आमचं चर्च म्हणजे भिवंडीतल्या एका पॉवरलूम शेडच्या वरचा हॉल. त्या गल्लीतल्या लूमना सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी खाली खटाखट चालू आणि वर आमची गीतं चालू. नवा पाहुणा बावरून जायचा. आम्हाला तो ठेका सवयीचा. एखाद्या रविवारी लाइट गेली आणि लूम थांबले, की गाणं मध्येच लंगडं पडायचं. माझे आजोबा याच गल्लीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. ते बाप्टिस्ट घरातले. आजी नगरकडची, दुसऱ्या मिशनच्या मंडळीतली. लग्न होऊन इथे आली आणि तिची बोलीही इथलीच झाली: थोडी नगरी, थोडी गावातली हाय-न्हाय, आणि रागावली की हिंदी.

आजीचं काम माणसं सांभाळण्याचं. आधी तिने घरातली सांभाळली. सासू अंथरुणाला खिळली ती तिच्याच हातात गेली. मग आजोबांच्या छातीत सुताची बारीक धूळ बसली आणि ते खोकत खोकत खाटेला लागले, त्यांचं सगळं तिने केलं. तोवर मोहल्ल्यात सगळ्यांचं म्हणणं झालं होतं की या बाईच्या हाताला गुण आहे. कुणाची आई पडली, कुणाच्या बापाला अर्धांगवायू झाला, की आमच्या दारात माणूस उभा. त्यातूनच तिची ड्युटी सुरू झाली. सकाळी आठ ते रात्री आठ, माणूस बदलत जायचं, वेळ तीच.

मला तिच्या कामाचंही कुतूहल होतं. सुट्टीत मी तिच्या मागे लागून जायची आणि कोपऱ्यात बसून बघायची. ती आधी बांगड्या काढून खिडकीत ठेवायची. मग दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायची. आणि अंगाला हात लावण्याआधी, न चुकता, म्हणायची, "हात लावते हां." एक आजोबा तर कित्येक महिने शुद्धीतच नव्हते. त्यांनाही ती म्हणायची, हात लावते हां, आणि मग कुशीवर वळवायची.

"त्यांना कुठे ऐकू येतंय?" मी विचारलं.

"तुला काय म्हाईत?" ती म्हणाली. "आन् नसंल येत. मानूस काय सामान हाय, न सांगता उचलायला?"

आता मी स्वतः सामानच उचलते. कोन गावाच्या अलीकडे एका मोठ्या गोदामात मी पार्सलवर स्कॅनरचं मशीन मारण्याच्या कामाला लागले आणि बघता बघता शिफ्टची सुपरवायझर झाले. कितीही घाई असली तरी एखादं खोकं उचलताना मला आजीचं ते वाक्य आठवतं आणि हसू येतं.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. घरचे कधी मागे लागले नव्हते. आमच्याकडे लागत नाहीत, ज्याचं त्याने ठरवायचं असतं. माझं ठरलं ते कसं, हे मला नीट सांगता येणार नाही, पण मनात एक गोष्ट अगदी स्पष्ट होती. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी आजीच्या शेजारी बसणार, आणि त्या दिवशी थाळी आमच्या दोघींपाशी थांबणार. मी तिला तुकडा देईन, मग स्वतः घेईन. इतकी वर्षं दोघींनी मिळून ती थाळी पुढे दिली होती. आता तिला मागे ठेवून एकटीने खायचं, हे मला नको होतं.

"मी मोठी झाले," मी तिला म्हटलं. "आता सांग."

"सांगीन, सांगीन," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

मग मंडळीची वार्षिक सभा आली आणि तिला सगळ्यांसमोरच सांगावं लागलं.

आमच्या मंडळीवर कुणी बिशप नाही. जे ठरवायचं ते सभासद हात वर करून ठरवतात, पंखा बदलायचा असला तरी. त्या वर्षी नवीन पाळक आले होते, तरुण, उत्साही. त्यांनी आजीचं नाव डीकन म्हणून, म्हणजे मंडळीची सेवा आणि कारभार बघणाऱ्यांत, सुचवलं. आजाऱ्याकडे पहिली जाणारी आजी, बायकांची प्रार्थनासभा चालवणारी आजी; तिच्याशिवाय दुसरं नाव कुणाच्या डोक्यात येणार? भराभर हात वर झाले. मावशींचा थरथरता हात सगळ्यात वर. आजी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "मी सभासदच न्हाय. माझा बाप्तिस्मा झालेला न्हाय, तुमच्यावानी."

खालच्या लूमचा आवाज त्या दिवशी मला फार मोठा वाटला. मावशींचा हात तसाच वर राहिला होता. त्यांना तो खाली घ्यायचं सुचलं नाही.

हळूहळू उलगडा झाला. लग्न होऊन आली तेव्हाच्या पाळकांनी तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली होती. ते भले गृहस्थ. म्हणाले, येऊन बसत जा, मन तयार झालं की सांग. ते बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. एवढी उपासनेला येणारी बाई, म्हणजे बाप्तिस्मा झालेलाच असणार, असं प्रत्येकाने धरून चाललं. "कुनी इचारलंच न्हाय," आजी म्हणाली. "इचारलं असतं तर सांगितलं असतं." मी चौथीपासून विचारत होते, पण सभेत मला बोलायचा हक्क नव्हता, मीही सभासद नव्हते.

पाळकांनी तोडगा काढला. लहानपणी दुसऱ्या मंडळीत हिच्या डोक्यावर पाणी शिंपडलं गेलंय ना, मग मंडळीने मत घेऊन तेच मान्य करावं. अर्ध्याहून जास्त हात लगेच वर व्हायला लागले. आजीनेच ते थांबवलं. "माझ्यासाठी नियम वाकवू नका. आज माझ्यासाठी वाकवला, उद्या कुनी काय वाकवंल. माझं मी बघते."

मला तिचा इतका राग आला की घरी जाईपर्यंत मी बोलले नाही. दारात चप्पल काढता काढता मात्र सुटलेच. "आयतं देत होते ना? तुला नको कशाला? आणि बुडून घ्यायला तरी काय हरकत आहे? पाण्याची भीती वाटते का?"

आजी खाटेवर बसून गुडघे चोळत होती. मला म्हणाली, बस. आणि शेवटी एकदाचं सांगितलं.

तिच्या आधी तिच्या आईची मुलं जगली नव्हती. ही झाली तीही अशक्त, रडायचीसुद्धा नाही. दुष्काळाचं वर्ष. सगळे म्हणत होते, ही पण जाणार. तिची आई बाळंतिणीच्या अंगाने उठली, पोर पदरात बांधली आणि भर उन्हात तालुक्याच्या गावी चालत गेली, मिशनच्या चर्चमध्ये. पाळक बाहेरगावी गेलेले. ती लिंबाच्या झाडाखाली दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी ते आले, त्यांनी त्या पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं.

"आन् मी रडले," आजी म्हणाली. "जन्माल्यापास्नं पयल्यांदा. आई मरेस्तवर सांगायची, पानी पडलं तवा तू रडलीस, तवा मला कळलं तू राहनार." तिने गुडघा पुन्हा चोळला. "आता मी नदीत उतरले, तर त्याचा अर्थ काय होतो? का ते पानी काय खरं नव्हतं. ती उनातनं चालली ते फुकट गेलं. मी माझ्या तोंडानं असं म्हनू? तिच्यामागं?"

"मग ते पाणी खरं होतं म्हणून मंडळी मान्य करत होती, तर तेही नको म्हणालीस."

"मंडळी माझं तोंड बघून हात वर करत व्हती गं. त्या पान्यासाठी न्हाय."

"म्हणजे तू कधीच घेणार नाहीस?"

"बसते की तिथं दर रविवारी," ती म्हणाली. "वास येतो पोळीचा."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आजीची कीव आली, रागही आला, आणि ज्या पणजीला मी कधी पाहिलं नाही तिच्यावर तर फारच माया आली. या तिन्हींचं काय करायचं ते मला कळेना. हातात वेळही फार नव्हता. आमच्याकडे बाप्तिस्मा वर्षातून एकदाच होतो, थंडी ओसरताना, तानसा नदीत. आजीची सत्तरी उलटली होती आणि गुडघे असे की चर्चचा जिना चढायलाच तिला दोनदा बसावं लागे. पुढच्या वर्षी ती नदीच्या काठापर्यंत तरी पोहोचेल का, सांगता येत नव्हतं.

आजी त्या काळात एका मुसलमान म्हातारीला सांभाळत होती, सगळे त्यांना खाला म्हणायचे. जुन्या भिवंडीतलं घर, मूळचे किनाऱ्याकडचे लोक, एकेकाळी स्वतःचे लूम असलेले. खाला पडून कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवरच होत्या, पण जीभ एकदम शाबूत. सुनेला त्या घाबरत नव्हत्या, डॉक्टरला घाबरत नव्हत्या, आजीलाही नाही. आजीला त्या 'बाय' म्हणायच्या आणि दिवसभर भांडायच्या. आजी म्हणायची, भांडते तवर बरी हाय.

एका सकाळी आजी गुडघ्याची गोळी घरी विसरली, ती द्यायला मी गेले. मला दुसरी शिफ्ट होती, म्हणून तिथेच बसले. आजी खालांचं अंग पुसायच्या तयारीत होती. बांगड्या खिडकीत, कोमट पाण्याचं घमेलं स्टुलावर, तळहात घासून झालेले.

"हात लावते हां, खाला."

"लाव. रोज काय इचारतेस?" खाला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझी आजी तोंड पाडून हाय दोन हप्ते. घरात काय झालं?"

आजीने मला डोळ्यांनी दटावलं. पण मला कुणी विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मी सगळं सांगितलं: थाळी, सभा, लिंबाचं झाड, सगळं. आजी पाठमोरी होऊन कपडा पिळत राहिली. खाला पडल्या पडल्या ऐकत होत्या.

"बरी जोडी जमली," त्या म्हणाल्या. "मना रोजा जमत न्हाय, तुला तो तुकडा जमत न्हाय."

"तुमचं आजारपन हाय खाला. माझं तसं न्हाय."

"बाय, काल तू मना न्हाऊ घातलंस?"

"घातलं की."

"आज परत घालतेस."

"मंग? रोजच घालते."

"मग कालची आंघोल झूट होती काय?"

आजीने पिळलेला कपडा हातातच धरला. "ती गोष्ट येगळी हाय," ती म्हणाली.

"काय वेगली? काल तू घातलंस ते कालच्यासाठी. तेव्हा मना बरं वाटलं, ते काय कुनी परत घेऊन जातं? तुझ्या आईनं घातलं ते तिनं घातलं. तुला जगवायचं होतं तिला, जगलीस. आता तू म्हातारी झालीस. आता तुझी तू घे." आणि जराही न थांबता, "कपडा गार झाला. बुडव परत."

आजीने कपडा घमेल्यात बुडवला, पिळला, आणि खालांची पाठ पुसायला घेतली. मी जन्मात पहिल्यांदाच काही विचारलं नाही, आणि गोदामात जाऊन दिवसभर चुकीच्या गाड्यांवर चुकीची पार्सलं चढवली.

आठवडा गेला. एका संध्याकाळी आजी तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न उचलता तिने विचारलं, "नदीला पानी किती असतं गं या दिवसांत?"

"तुझ्या कमरेएवढं," मी म्हटलं.

"लई गार?"

"गारच असणार."

"मंग जाड साडी लागंल," ती म्हणाली.

आमची सगळी मंडळी एका टेम्पोत आणि दोन रिक्षांत मावली. गणेशपुरीच्या बाजूला नदीला एक वळण आहे, तिथे भात कापून मोकळ्या झालेल्या एका शेतातून जावं लागतं. शेतकरी ओळखीचा. दर वर्षी तो बांधावर उभा राहून विचारतो, "यंदा पन आंघोलीची पिकनिक काय?" आणि दर वर्षी आमच्यातलं कुणीतरी त्याला चहा पाजतं. बायकांना कपडे बदलायला साड्यांचा आडोसा धरतात. तो आडोसा आजवर आजीनेच धरला होता, टोक घट्ट, नजर दुसरीकडे. त्या दिवशी तो मावशींनी धरायला घेतला. साडी त्यांच्या हातात अशी हलत होती की आत आम्ही दोघी हसून हसून दमलो.

आधी मी. पाण्याखाली कानात एकदम शांत झालं, आणि वर आल्यावर ऊन तोंडावर. त्याचं वर्णन राहू दे. मी काठावर जाऊन टॉवेलही घेतला नाही, कारण आजी पाण्याकडे निघाली होती.

पाळक किडमिडीत आणि आजी भरलेली. त्यांनी मला खुणेने थांबायला सांगितलं, मी दुसऱ्या बाजूने तिला धरलं. तळाला गोटे होते. एकेक पाऊल टाकत आम्ही कमरेएवढ्या पाण्यात गेलो. तेवढ्यातही आजी पाळकांना शिकवत होतीच. "दंडाला धरू नका. मानंखाली हात घ्या. दुसरा पाठीला. हां." पाळक मुकाट्याने ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, तुझा प्रभूवर विश्वास आहे का? आजी म्हणाली, आहे. एवढं शुद्ध 'आहे' मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तिला मागे झुकवायची वेळ आली. माझा हात तिच्या पाठीमागे जात होता, आणि तोंडातून आपोआप निघालं, "हात लावते हां, आजी."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या माणसांना तिने हे म्हटलं होतं, तिला कुणी म्हटलं नसावं. डोळे भरून आले तिचे, आणि ते तसेच मिटून ती आमच्या हातांवर रेलली. पाण्यात ती अगदी हलकी झाली. पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं, पाणी तिच्या चेहऱ्यावर मिटलं, आणि आम्ही तिला वर काढलं.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं ती रडेल, आईच्या गोष्टीतल्यासारखी. ती खोकली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि म्हणाली, "आई गं, काय गार हाय." काठावरचे सगळे हसले. बांधावरचा शेतकरीसुद्धा.

त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही नेहमीच्या जागी बसलो. मी, आजी, मावशी. मी रात्रभर ठरवून आले होते, मी तिला तुकडा देईन. पण माझी थाळी धरायची पहिलीच खरी वेळ, मी गडबडले. मी माझा तुकडा घेतला आणि थाळी तिच्या हातात दिली. आजीने ती डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने तुकडा उचलला, मावशींच्या तळहातावर ठेवला, त्यांची बोटं मिटवली आणि थाळी पुढे दिली.

थाळी बाकाच्या टोकाला गेली. तिथून मागच्या बाकावर. मग त्याच्याही मागे.

आजीने हात मांडीवर घेतले आणि तेव्हा तिला कळलं. तिने आपले रिकामे तळहात बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी तिचा असा चेहरा कधीच पाहिला नव्हता. शाळेत डबा विसरलेल्या पोरीसारखी ती दिसत होती. पाळकांनी समोर आपला तुकडा उचलला होता. आजी मला मान हलवून नको म्हणाली. राहू दे, पुढल्या महिन्यात.

मी उभी राहिले. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या मध्ये कुणी उठत नाही. मी मागे वळून हात पुढे केला. कुणाला काय झालं ते आधी कळेना. मग एका बाईच्या लक्षात आलं, तिने पुढच्याला खुणावलं, आणि थाळी परत फिरली. थाळी उलटी येताना मी कधी पाहिली नव्हती. मागच्या बाकावरून त्याच्या पुढच्या, तिथून आमच्या, एकेका हातातून. पाळक तुकडा हातात धरून थांबले. सगळेच थांबले. खाली लूम चालू होते.

ती मावशींकडे पोहोचली. मी घ्यायला वाकले, पण मावशींनी ती सोडली नाही. त्यांनी आपला तुकडा मांडीवरच्या रुमालात ठेवला, थाळी गुडघ्यांवर टेकवली, आणि थरथरणाऱ्या बोटांनी एक तुकडा उचलायला लागल्या. तो दोनदा निसटला. कुणी मदत केली नाही, आजीनेही नाही. तिसऱ्यांदा तो त्यांच्या बोटांत राहिला. त्यांनी तो आजीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

मग आम्ही सगळ्यांनी खाल्लं. आजीने फार वेळ चावलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

सोमवारी मी तिला स्कूटरवरून ड्युटीला सोडायला गेले आणि मुद्दाम वर गेले. खाला वाटच बघत होत्या. आजीने बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, फणी उशाशी ठेवली आणि त्यांच्याजवळ बसली.

"खाल्लंस?" खालांनी विचारलं.

"खाल्लं."

"कसं लागलं?"

"पोळी हाय. मीठ कमी."

"केवढं देतात?"

आजीने अंगठ्याचं नख दाखवलं. खाला तोंडभर हसल्या. "एवढंसं? त्याच्यासाठी एवढी वर्षं बसलीस? पोट तरी भरलं काय?"

आजी तळहात घासत होती. ती थांबली.

"भरलं, खाला," ती म्हणाली. "हात लावते हां."